ऑईल बदलले, पण थेंब थांबेना

मोटारीचे ऑईल स्वतःच्या हाताने बदलण्याची हौस आपल्या काही घरांतून दिसते, आणि ती वाईट नाही. पेडणे-डिचोलीच्या खेड्यांतून बरे गॅरेज गाठायचे म्हणजे अर्धा दिवस जातो. हे काम रविवारच्या सकाळी अंगणात उरकते. परंतु ऑईल बदलून दोन दिवस होतात न होतात तोच इंजिनाखाली थेंब पडू लागले, की हौसेची जागा काळजी घेते.

आपल्याकडे हा थेंब दिसतोच असेही नाही. फरशीवर डाग तत्काळ नजरेत भरतो. जांभ्याच्या तांबड्या अंगणात मात्र तेल मुरून जाते, आणि पावसाळ्यात तर ते वाहूनच जाते. मग गळतीची पहिली वार्ता मिळते ती कोलवाळच्या पुलावर, समोरचा तांबडा दिवा पेटल्यावर. हा दिवा केवळ ऑईल कमी झाल्याचे सांगत नाही. इंजिनातील ऑईलचा दाबच पडला, असे तो सांगतो. ‘म्हापशापर्यंत जाऊ, मग पाहू’ असे म्हणत गाडी हाकली, तर काही मिनिटांत बेअरिंगे खरवडली जातात आणि चार पैसे वाचवायला गेलेल्यास सबंध इंजिन उघडावे लागते. गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे, आणि पुढचा विचार मग करावा.

गळती शोधताना आधी पुसावे, मग पाहावे. जुने ऑईल काढताना ते सांडतेच. खालच्या पत्र्यावर साचलेले ऑईल चार दिवस ठिबकत राहते आणि मालकाला उगाच घाबरवते. यास्तव थंड इंजिनाचा खालचा भाग चिंधीने स्वच्छ पुसावा, खाली वर्तमानपत्र पसरावे, इंजिन दहा मिनिटे चालवून बंद करावे आणि विजेरीने पाहावे. तेल खाली ओघळते, वाऱ्याने मागेही जाते. म्हणून जेथून थेंब पडतो ते स्थान न पाहता, सर्वांत वरची ओली जागा शोधावी.

फिल्टरच्या बुडाशी ओल दिसली, तर एक शंका प्रथम घ्यावी. जुना फिल्टर काढताना त्याचे रबरी कडे कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. वर नवा फिल्टर बसवला, की एकावर एक अशी दोन कडी होतात. गाडी उभी असेपर्यंत सारे ठीक वाटते. दाब चढला की कडे सरकते आणि ऑईल थेंबांनी नव्हे, धारेने बाहेर पडते. उपाय सोपा आहे. फिल्टर काढावा, जुने कडे नखाने सोडवावे, बैठक पुसावी, नव्या कड्याला बोटाने ऑईल लावावे, आणि कडे टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा आवळावे. फिल्टरवर वेगळी सूचना छापली असेल, तर ती मानावी. पाना लावून आवळण्याचा मोह टाळलेला बरा.

चेंबरच्या बोल्टाखालून तेल येत असेल, तर दोष बहुधा वॉशरचा. तांब्याचा अथवा ॲल्युमिनियमचा तो लहानसा वॉशर एकदा दाबला गेला की पुन्हा नीट बसत नाही. प्रत्येक वेळी नवा घालावा. गळते म्हणून बोल्ट अधिकाधिक पिळणे ही आपल्याकडची जुनी खोड. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे त्याने मरतात, आणि मग नवे आटे बसवण्यासाठी फिटरकडेच जावे लागते. अँबॅसडरच्या काळी उभ्या गाडीखाली एखादा थेंब दिसला तरी कोणी मनावर घेत नसे. ती गाडी २०१४ साली बनायची थांबली, ती सवय मात्र अजून काही घरांतून टिकून आहे!

ऑईल प्रमाणाबाहेर भरले असेल, तरीही ते सांध्यांतून बाहेर डोकावते. गजावरील वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नये.

एक सूचना जिवाची आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, आणि जॅकच्या ऐवजी जांभ्याचा चिरा तर मुळीच लावू नये. तो वरून भक्कम दिसतो, पण भार एका टोकावर आला की फुटतो. पक्के लोखंडी स्टँड लावावे, ओल्या जमिनीवर त्यांखाली जाड फळी घालावी.

उरलेल्या काळ्या ऑईलची वासलात लावतानाही जांभ्याचे गुण आठवावेत. तो सच्छिद्र, वर ओतलेले पाण्याबरोबर खाली जाते, आणि आपल्या कितीतरी घरांची विहीर अंगणालाच लागून असते. कायद्याच्या २०१६ च्या नियमांतही वापरलेले ऑईल धोकादायक कचऱ्यातच मोडते. कुंपणाच्या खांबांना ते फासण्याची चाल सोडावी. नव्या ऑईलच्या रिकाम्या डब्यातच ते भरून, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे पाठवणाऱ्या गॅरेजात द्यावे. जुना फिल्टरही रात्रभर त्या डब्यावर पालथा घालून ठेवावा. त्यात वाटीभर तरी ऑईल उरलेले असते.