मिरगीची नवी गोळी येईल तेव्हा येईल, पावसाळ्यात जुनी संपू देऊ नका



वर्गात एखाद्या लेकराला फिट आली की कोणी कांदा आणतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी दातखीळ उघडायला चमचा शोधतो. माझ्या वर्गातही हेच झालं. त्या मुलाची गोळी सुरू होती, झटके थांबले होते. पण पाऊस लागला, नाल्याला पूर आला, घरातल्या गोळ्या संपल्या अन् झटके परत आले.

मिरगी म्हणजे अपस्मार. मेंदूतल्या पेशी एकाच वेळी जादा विद्युत संदेश सोडतात, तेव्हा झटका येतो. ही बाहेरची बाधा नाही, लागणारा रोगही नाही. फिनोबार्बिटल हे औषध १९१२ पासून आणि फेनिटॉइन १९३८ पासून मिरगीवर वापरात आहे. व्हॅल्प्रोएटचा गुण फ्रान्समध्ये १९६२ साली योगायोगाने कळला. तोवर ते दुसरी औषधं विरघळवायला वापरत. पुढे वीसेक नवी औषधं आली. तरी सुमारे एक-तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी थांबत नाहीत. त्यांच्यासाठी नवं संशोधन हवंच.

पण बाकीच्यांचं काय? जागतिक आरोग्य संघटना सांगते की, नीट उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. गरीब देशांत मात्र चारपैकी तिघांना उपचारच मिळत नाहीत. आपल्याकडे भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो. आणि ही गोळी अचानक तुटली तर झटके आधीपेक्षा जोरात येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मिरगी असलेल्या मुलांच्या पालकांनी मे महिन्यातच डॉक्टरांना विचारून पावसाळ्यापुरत्या गोळ्या घेऊन ठेवाव्यात. आश्रमशाळेत अधीक्षकांनी त्या कुलपात ठेवून रोजची नोंद करावी. बरं वाटतंय म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

आणि वर्गात फिट आलीच, तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात काहीही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना गाठा.

शुद्धीवर आल्यावर त्या लेकराला सगळा वर्ग आपल्याकडे टकमक बघताना दिसतो. लाजेने शाळा सुटते ती तिथूनच. त्याला पुन्हा त्याच्या जागेवर बसवणं, हे औषध मात्र आपल्याच हातात आहे.