पळताना ठीक, उभी राहिली की तापते : ट्रॅफिकमध्ये गाडीचं इंजिन गरम का होतं?

शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की बोरघाटातल्या कोंडीच्या बातम्या ठरलेल्या. मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर गाड्यांची रांग आणि त्या रांगेत बॉनेट उघडून उभ्या असलेल्या काही गाड्या. एक गाडी तापून बंद पडली की एक लेन अडते आणि मागची रांग आणखी वाढते.

यातल्या बऱ्याच गाड्या घाटापर्यंत ८०-१०० च्या स्पीडने व्यवस्थित आलेल्या असतात. मग उभं राहिल्यावरच त्यांना काय होतं? याच प्रश्नात बिघाडाचा पत्ता दडलाय.

आधी साधं गणित समजून घेऊ

पेट्रोल जळून जी ऊर्जा तयार होते, तिच्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. बाकीची उष्णता असते. ती काही सायलेन्सरमधून जाते आणि बरीचशी कूलंट उचलतं. वॉटर पंप हे कूलंट इंजिनातून फिरवून पुढच्या रेडिएटरमध्ये आणतो. तिथे हवा लागते आणि कूलंट गार होऊन परत जातं.

आता ही हवा येते कुठून? गाडी पळत असेल तर समोरून फुकट मिळते. गाडी उभी असेल तर रेडिएटरच्या फॅनने ती ओढावी लागते. म्हणजे हायवेवर फॅन बंद पडलेला असला तरी तुम्हाला कळणारच नाही. कळतं ते सिग्नलला, टोलनाक्यावर नाहीतर घाटात.

घाटात तर दुहेरी मार बसतो. खोपोली ते लोणावळा गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर चढते. इंजिनावर लोड पूर्ण, वेग मात्र जवळपास शून्य. त्यात एसी सुरू असतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असतो, त्यामुळे त्याची गरम हवाही रेडिएटरवरच येते.

बिघाड कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

इंजिन थंड असताना गाडी सुरू करा, एसी लावा आणि पुढून आवाज ऐका. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्या वेळात फॅन फिरायला लागतो.

• फॅन फिरतच नाही : आधी फ्यूज आणि रिले तपासायचा, मग वायरिंगचा कनेक्टर, मग मोटर. एसी लावल्यावर फॅन फिरतो, पण एसी बंद असताना इंजिन तापलं तरी फिरत नाही, असं असेल तर टेम्परेचर सेन्सरवर संशय घ्यायचा. फ्यूज-रिलेचं काम स्वस्तात होतं, म्हणून सुरुवात तिथून.

• फॅन फिरतो, तरी गाडी तापते : कूलंटची पातळी बघा. टाकीवर मिन आणि मॅक्स अशा दोन रेघा असतात. पातळी सारखी कमी होत असेल तर गळती आहे. पातळी ठीक असेल तर रेडिएटरच्या जाळीत धूळ, चिखल, किडे अडकलेत का ते बघा. आयडलिंगला वॉटर पंप हळू फिरतो, त्यामुळे झिजलेला पंपही तेव्हाच उघडा पडतो.

• उभी असतानाही तापते आणि पळतानाही : मग थर्मोस्टॅट अडकलाय का, रेडिएटर आतून चोंदलाय का, हे बघावं लागतं. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आणि ऑइलला दुधाळ रंग दिसला तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी.

कोंडीत काटा वर गेला तर?

अनेक छोट्या गाड्यांत आता काटा नसतोच. थंड असताना निळा दिवा आणि तापली की थेट लाल. त्याआधी मिळणारी एक खूण म्हणजे एसी अचानक गार हवा द्यायचा थांबतो. इंजिन वाचवायला अनेक गाड्या स्वतःच एसी बंद करतात.

काटा चढू लागला की एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर फुल करा. उन्हाळ्यात हे वेडेपणाचं वाटेल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. तो इंजिनाची उष्णता केबिनमध्ये खेचतो.

तरी लाल दिवा लागलाच तर गाडी डाव्या बाजूला घ्या, हॅझर्ड लावा, इंजिन बंद करा. 'पुढच्या फूड मॉलपर्यंत जाऊ' हा विचार महागात पडतो. हेड वाकलं किंवा इंजिन सीज झालं की काही शेकड्यांचं काम हजारोंवर, कधी लाखावर जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गरम इंजिनावर रेडिएटरची कॅप उघडू नका. आत दाब असल्यामुळे कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. कॅप उघडली की दाब सुटतो आणि उकळतं कूलंट तोंडावर येतं. किमान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. फॅनपासूनही हात लांब ठेवा, इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो.

गॅरेजमधले दोन जुगाड

पहिला, 'थर्मोस्टॅट काढून टाकू'. यामुळे इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त जातं. दुसरा, कूलंटऐवजी नळाचं पाणी. अडचणीत घरी पोहोचण्यापुरतं चालेल, पण कायम वापरलं तर आत गंज आणि क्षार जमतात. दोन्हीत मूळ बिघाड तसाच राहतो.

घाटातला टप्पा टळावा म्हणून खोपोली ते कुसगाव १३.३ किलोमीटरचा 'मिसिंग लिंक' प्रकल्प आखला गेला. पण कोंडी फक्त घाटातच होते असं नाही. सिग्नल आणि टोलनाके आहेतच. त्यामुळे पुढच्या लाँग वीकेंडला निघण्याआधी कूलंटची पातळी बघा आणि एसी लावून फॅनचा आवाज ऐका. पाच मिनिटांचं काम आहे.