देगेत साचलेले पाणी

पाऊस ओसरू लागला की आमच्या कोकणातल्या घरांची अंगणे ओळखू येत नाहीत. अब्बांनी हौसेने लावलेली हरळीची हिरवळ गुडघ्याला लागते आणि परसात काय वाढले आहे ते बघायलाही भीती वाटते. मग गवत कापायला माणूस बोलवायचा, कोपऱ्यांतून औषध मारून घ्यायचे आणि डासांचा बंदोबस्त झाला असे समजायचे, ही आमच्या घरची अनेक वर्षांची रीत. गेल्या वर्षी गवत कापून पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच आमच्या धाकट्या मुलीला डेंग्यू झाला.

आरोग्य सेविका घरी आल्या तेव्हा आम्ही त्यांना मोठ्या अभिमानाने स्वच्छ अंगण दाखवले. त्यांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. टॉर्च घेऊन त्या थेट मागच्या बाजूला गेल्या. तिथे शादीब्याहच्या दावतीला लागणारी आमची मोठी देग उताणी पडली होती. आत पावसाचे नितळ पाणी, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. मग फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, नारळाच्या करवंट्या आणि पाहुण्यांच्या संडासातला न वापरलेला बधना, सगळीकडे तेच. वर्गात फळ्यावर डासाचे जीवनचक्र काढून दाखवणारे आम्ही, त्या दिवशी मान खाली घालून उभे होतो.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारापेक्षा घरातले साठवलेले, साधे पाणी पसंत करतो. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो. म्हणजे रात्री मच्छरदाणीत झोपणारे मूल सकाळी अभ्यासाला बसल्यावर त्याच्या तावडीत सापडते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायला सांगतात. धुराची फवारणी फक्त उडणाऱ्या डासांना मारते. पाण्यातल्या अळ्यांना तिचा काही त्रास होत नाही.

आमच्या भाभींनी लगेच देग कलंडवली. सेविका म्हणाल्या, "ताई, नुसते ओतून चालणार नाही, घासा." हे आम्हाला खरेच माहीत नव्हते. मादी अंडी पाण्याच्या काठाला, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवते. ती सुकली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी आले की फुटतात. त्यामुळे पिंप, हौद, कुंडीखालची बशी, सगळे काथ्याने किंवा ब्रशने घासायला हवे. अळ्यांचे पाणी मोरीत नको, कोरड्या जमिनीवर ओतावे.

गवत कापायचे नाही असे मात्र नाही. साप, उंदीर यांच्यासाठी घराभोवतीची जागा मोकळी हवीच. फक्त हिरवळ मुळापर्यंत खरडू नये. दोन-तीन इंच राहू द्यावी, नाहीतर माती उघडी पडते आणि खड्ड्यांत पाणी साचते. ते खड्डे मातीने बुजवावेत. पोफळीच्या गळलेल्या विऱ्या उचलायला विसरू नये, त्यांत वाटीभर पाणी सहज राहते.

मुलीचा ताप चौथ्या दिवशी उतरला. अम्मींनी शुक्र केला, आम्हीही निश्चिंत झालो. त्याच रात्री तिचे पोट दुखू लागले, उलट्या थांबेनात. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका वाढू शकतो, हे डॉक्टरांनी दाखल करून घेताना सांगितले. पोटदुखी, सततची उलटी, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल पडणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट बघू नये. तापाला डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉलच. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. शेजारणींनी प्रेमाने पपईच्या पानांचा रस आणून दिला, पण त्यावर विसंबून दवाखाना टाळला असता तर काय झाले असते, हा विचार आजही नको वाटतो. सलाइनवर तीन दिवस काढून ती घरी आली.

आता आमच्याकडे दर रविवारी घासाघाशी असते. शुक्रवारी सकाळी गुस्ल आणि कपड्यांची घाई, त्यात हे जमत नाही. टॉर्च मुलीच्या हातात असतो आणि ती सेविकाबाईंपेक्षा कडक आहे. देग दोन जांभ्या दगडांवर पालथी घातली आहे.

एक काम राहिले होते. शेजारचे चाचा कुटुंबासह कुवेतला असतात, घर वर्षभर बंद. त्यांच्या गच्चीवरच्या टाकीचे झाकण वादळात उडाले होते, आणि डासाला कुंपण कळत नाही. गेल्या आठवड्यात त्यांना फोन केला, त्यांनी चावी कुठे ठेवली आहे ते सांगितले. टाकी रिकामी करून घासली. नवे झाकण यायचे आहे, तोवर तोंडावर जुना सुती दुपट्टा ताणून बांधला आहे.