पेन्सिलची नोंद आणि संगणक

तलाठ्याच्या कचेरीत हेलपाटे न घालता घरबसल्या सातबारा उतारा काढण्याची सवय आता शहरवासीयांनाही झाली आहे. डिजिटल स्वाक्षरीचे उतारे राज्यात १ मे २०१८ पासून मिळू लागले. त्यामुळे नागरिकांची मोठी सोय झाली, हे निर्विवाद. मात्र ज्याच्या हातून हे दप्तर घडते, त्या तलाठ्याची कार्यपद्धती प्रणाली रचणाऱ्यांनी कितपत समजून घेतली, हा प्रश्न उरतोच.

कागदी दप्तर अडाणी होते, असे मानणे चुकीचे ठरेल. खरेदीची वा वारसाची वर्दी आली की तलाठी गाव नमुना ६ मध्ये फेरफार लिहीत असे आणि सातबारावर त्याची नोंद पेन्सिलने करून ठेवत असे. हितसंबंधितांना नोटीस, हरकतींसाठी मुदत आणि मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन हे टप्पे पार पडल्यावर ती शाईने कायम होई. कमी झालेल्या नावाला कंस केला जाई. ते वाचता येईल असेच राही. नोंद विचाराधीन आहे, मंजूर आहे की जुनी झाली आहे, हे पेन्सिल, शाई आणि कंस या तीन खुणांवरून जाणकाराला तत्काळ कळे.

जेथे या खुणांना पर्याय मिळाला, तेथे संगणकाने कामात भरच घातली. आजच्या उताऱ्यावर 'प्रलंबित फेरफार' दर्शविला जातो, ती जुन्या पेन्सिलचीच नवी आवृत्ती होय. जमीन विकत घेऊ पाहणाऱ्याला तेवढ्यावरून सावध होता येते.

याउलट, दप्तराचे संगणकीकरण म्हणजे केवळ मजकूर उतरवून घेणे, अशी समजूत झाली की चुका शिरतात. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारांत तफावती आढळल्या व २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन घेऊन त्या शोधाव्या लागल्या. नावातील एखादे अक्षर किंवा क्षेत्राचा एखादा आकडा चुकला, तरी पीककर्ज अडते, व्यवहार रखडतो. मग महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ अन्वये दुरुस्तीसाठी अर्ज करण्याची पाळी खातेदारावर येते. चूक यंत्रणेची आणि हेलपाटे शेतकऱ्याला, असा हा उफराटा न्याय आहे.

२०२४ मध्ये तलाठ्याचे पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' असे झाले. उत्तरदायित्व तेच राहिले. म्हणून कोणतीही नवी प्रणाली आखताना आज्ञावली लिहिणाऱ्यांनी आधी सज्जावर बसून काम पाहणे अगत्याचे आहे. कच्ची नोंद, हरकत आणि दुरुस्ती यांना पडद्यावर स्पष्ट जागा हवी. दुरुस्ती कोणी व केव्हा केली, हेही दिसायला हवे. रुग्णालयातील केसपेपर किंवा न्यायालयातील रोजनामा संगणकावर नेताना हाच निकष लागू पडतो. कागद गेल्याचे दुःख नाही. पण त्याने जपलेली पडताळणी त्याच्याबरोबर जाता कामा नये.