वाटणी झाली, वाट राहिली

घराची वाटणी होते तेव्हां भांड्यांची मोजदाद होते, आंब्याच्या झाडांची होते, देव्हाऱ्यांतील मूर्तींविषयींहि दोन शब्द होतात. परंतु विहिरीकडे जाणारी पायवाट कोणाची, हा प्रश्न त्या दिवशीं कोणाच्याहि तोंडीं येत नाहीं. त्या दिवशीं ती सर्वांचीच असते. पुढील पिढीच्या कलहाचें बीज या मौनांत आहे.

सीमेचा तंटा कांहीं आजचा नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत त्याचें स्वतंत्र प्रकरण आहे. निर्णय ज्येष्ठ महिन्यांत करावा, कारण तेव्हां हद्दीच्या खुणा स्पष्ट दिसतात. वड, पिंपळ, पळस, सांवरी अशीं झाडें हद्दीवर लावावीं. शिवाय दगड, हाडें, राख, खापऱ्या, विटा, कोळसे असे सहसा न कुजणारे पदार्थ पुरून गुप्त खुणाहि ठेवाव्या, असें तेथें सांगितलें आहे. साक्षीदारांनीं डोक्यावर माती घेऊन व तांबडीं वस्त्रें नेसून हद्द सांगावयाची. शेजाऱ्याच्या स्मरणावर सर्व भार टाकूं नये, हें स्मृतिकारांनीं ओळखलें होतें.

आज ती साक्ष भूमि अभिलेख खात्याचा नकाशा देतो. मात्र हद्द कोठें आहे एवढेंच मोजणी सांगते. हद्दीपलीकडून जाण्यायेण्याचा हक्क कोणास आहे, हें ती सांगत नाहीं. हे दोन प्रश्न निराळे आहेत, आणि ते एक समजल्यानें पुष्कळ अनर्थ होतात.

आमच्या परिचयाच्या एका घराण्यांत पुढील अंगण थोरल्या बंधूंकडे व मागील घर धाकट्यांकडे आलें. दोघे हयात असेपर्यंत धाकट्यांकडील मंडळी अंगणांतूनच जात येत. पुढें चुलतभावांत बोलाचाली झाली आणि अंगणास कुंपण पडलें. धाकट्यांच्या वृद्ध पत्नीस एके रात्रीं इस्पितळांत न्यावें लागलें, तेव्हां रुग्णवाहिका रस्त्यावरच उभी राहिली आणि काकूंना खुर्चींत बसवून ओढ्याच्या कांठानें न्यावें लागलें. मोजणीच्या नकाशाप्रमाणें कुंपण बिनचूक होतें!

हद्द बिनचूक असूनहि वाट अडवितां येते असें नाहीं. सुविधाधिकारांच्या १८८२ च्या कायद्याचें १३ वें कलम प्रत्येक एकत्र कुटुंबानें वाचावें. सामाईक मिळकतीची वाटणी झाल्यावर एका हिश्शाचा उपभोग दुसऱ्या हिश्शांतून गेल्यावांचून होतच नसेल, तर ती वाट मिळण्याचा हक्क आहे. ती कोणत्या बाजूनें द्यावयाची हें ज्याच्या जागेंतून जावयाचें त्यानें ठरवावें; मात्र ती वाजवी सोयीची असली पाहिजे. गरज संपली कीं हा हक्कहि संपतो.

वहिवाटीचा हक्क याहून निराळा. त्यास वीस वर्षें उघडपणें, शांततेनें, अखंड व हक्क म्हणून वापर लागतो. परवानगीनें होणारी ये-जा त्यांत मोडत नाहीं. ‘आज जाऊं दिलें तर उद्यां मालक होतील’ या भीतीनें कित्येक सज्जन फाटकास कुलूप लावतात. वास्तविक परवानगीची दोन ओळींची चिठ्ठी लिहून घेतली तर ती भीति उरत नाहीं.

शेताच्या बांधावरील वाटेचा तंटा महाराष्ट्रांत १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमान्वयें तहसीलदारांपुढें नेतां येतो. चालू वाट कोणीं अडविल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखालीं सहा महिन्यांच्या आंत दाद मागावी लागते. परंतु कचेरीची पायरी चढण्याची वेळच कशास यावी?

यास्तव, वाटणीपत्र लिहितांना वडील मंडळींनीं वाटेसाठीं एक परिच्छेद राखून ठेवावा: ती कोठून जाईल, किती रुंद असेल, गाडी जाईल कीं केवळ माणूस, फाटकाची किल्ली कोणाकडे राहील, सांडपाणी कोठून वाहील. भावांभावांत लिहावयाचें कसलें, असें म्हणून संकोच करूं नये. भाऊ आहेत तोंवरच हें लिहून होतें. पुढें चुलते-पुतणे होतात, मग पक्षकार होतात. वाट कागदावर असली म्हणजे अंगणांतून जाणाऱ्या जावेस ‘या, घटकाभर बसा’ म्हणतांना कोणाचें मन कचरत नाहीं.