सीट मोजून विमान घेत नसतात… आणि गाडीही नाही!



शनिवारच्या बॅचमध्ये चहाच्या ब्रेकला विषय निघाला मिहानचा. आपल्या नागपुरात फाल्कन २००० हे बिझनेस जेट तयार होणार, हे दसॉ आणि रिलायन्सने जून २०२५ मध्ये जाहीर केलं. २०२८ पर्यंत पहिलं विमान उडवायचं असं लक्ष्य आहे. इतवारीतला एक व्यापारी हसत म्हणाला, "सर, मुलाचं लग्न झालं, नातू आला, आता कुटुंबासाठी हेच बुक करतो!" सगळे हसले. पण मला माहीत होतं, तो खरंच फर्मच्या नावावर सात सीटची मोठी गाडी घ्यायच्या तयारीत आहे. म्हणून आज याच विषयावर बोलू या.

माझं मत स्पष्ट आहे. कुटुंब वाढलं की आपण आधी सीट मोजतो. खरं तर सीट हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. हे विमान घेणाऱ्या लोकांना बरोबर कळतं.

सेस्ना १७२ घ्या. फ्लाइंग क्लबात दिसतं ते छोटं विमान, चार सीटचं. नव्या मॉडेलचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन सुमारे ११५७ किलो. रिकामं विमान साधारण ७६० किलोचं. म्हणजे माणसं, सामान आणि इंधन मिळून उरले जेमतेम ४०० किलो. टाकी फुल केली की त्यातले १४५ किलो गेले. उरले २५०. आता ७५ किलोची चार माणसं बसवून बघा. ३०० होतात! सीट चार आहेत, पण फुल टाकीत चार मोठी माणसं जात नाहीत. एक तर इंधन कमी भरा आणि मध्ये उतरा, नाहीतर एक माणूस घरी ठेवा.

त्यात नागपूरचा मे महिना. पारा ४५ ला गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनची ताकद कमी पडते, धावपट्टी जास्त लागते. तेच विमान, तीच माणसं, पण डिसेंबरचा हिशोब मे महिन्यात चालत नाही.

मग सहा सीटचं घ्यायचं? जरूर घ्या, पण त्यासोबत जास्त इंधन, मोठा मेंटेनन्स, मोठा इन्शुरन्स आणि मोठी पार्किंगही घरी येते. विमान उडो की उभं राहो, यातले बरेच खर्च चालूच राहतात.

आता आपल्या गाडीवर या. तुमच्या धंद्यातही मे महिना असतोच ना? उधारी अडकलेली, गिऱ्हाईक थंड. गाडीचा हप्ता दिवाळीच्या गल्ल्यावर ठरवू नका. वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात तो निघतो का, ते बघा.

दुसरं, "फर्मच्या नावावर घेतली की जीएसटी परत मिळतो" हा गैरसमज काढून टाका. ड्रायव्हर धरून १३ सीटपर्यंतच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट साध्या व्यापाऱ्याला मिळत नाही. टॅक्सीचा धंदा, गाड्यांची विक्री किंवा ड्रायव्हिंग स्कूल असेल तर गोष्ट वेगळी. खासगी विमानाचंही तसंच. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी आहे, आणि बहुतेक मोठ्या एसयूव्हीवरही तेवढाच.

मी स्वतः ही चूक केलीये. आई-बाबा, भाऊ, वहिनी, मुलं, सगळे एकत्र शेगावला जाऊ म्हणून सात सीटची गाडी घेतली. गेलो किती वेळा? वर्षातून दोनदा. बाकी दिवस मागची सीट दुमडून त्यावर बॅनर आणि माइकचे खोके. त्याच वर्षी ऑफिसचा एक माणूस वाढवायचा होता, तो हप्त्यापायी राहिला. ते नुकसान कुठल्याच बिलात दिसत नाही, पण मला ते आजही टोचतं.

म्हणून एक काम करा. वही काढा. मागच्या १२ महिन्यांतले प्रवास लिहा. किती माणसं होती, किती सामान, किती किलोमीटर. दहातले नऊ प्रवास ज्या गाडीत आरामात होतात, ती विकत घ्या. उरलेल्या एकासाठी ट्रॅव्हलर भाड्याने घ्या, आणि आजीला खिडकीची सीट द्या.

आणि वहीत उलटं निघालं, म्हणजे रोजच सहा जण दाटीवाटीने जात असाल, तर कंजुषी करू नका. लेकरांना मांडीवर घेऊन वर्धा रोडवर गाडी चालवण्यात कसली आलीये बचत? तिथे मोठी गाडी ही चैन नाही, गरज आहे.

कुटुंब वाढलं याचा आनंद पेढे वाटून करा. गाडी मात्र वही बघूनच घ्या.