‘सस्तं पडते’ म्हणणाऱ्यांनी हिशेब मांडावा

मोठा पुडा घेतला की पैसे वाचतात, हे खोटं आपण कसलीही शहानिशा न करता गिळलं आहे. दुकानदार तेच सांगतो, टीव्हीवरची जाहिरात तेच सांगते, पुण्याहून आलेला जावई सासऱ्याला तेच समजावतो आणि बचत गटाच्या मेळाव्यात आलेले पाहुणेही हातात माइक घेऊन तेच ऐकवतात. हिशेब मात्र कोणी मांडत नाही. मी अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्यात राहतो, इथल्याच दुकानांतून किराणा भरतो आणि इथल्या घरांत महिन्याचं सामान कसं येतं ते जवळून पाहतो. त्या जोरावर सांगतो, पुड्याच्या आकाराने पैसा वाचत नाही. पैसा वाचतो हंगामात घेतल्याने, पिकवणाऱ्याकडून घेतल्याने आणि हातात रोकड असल्याने. या तीनपैकी एकही गोष्ट पुड्यात भरून मिळत नाही.

सुरुवात तेलापासून करू, कारण घरखर्चात सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते. दुकानात पत्र्याचे दोन डबे शेजारीशेजारी ठेवलेले असतात. उंची सारखीच दिसते, रंगही जवळपास तोच. एकावर लिहिलंय 15 किलो, दुसऱ्यावर 15 लिटर. समजा लिटरचा डबा दीडशे रुपयांनी स्वस्त आहे. गिऱ्हाईक आनंदाने तो उचलतं. आता वजन करा. सोयाबीन तेलाचा एक लिटर साधारण 910 ग्रॅम भरतो. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात तेल आहे 13 किलो 650 ग्रॅम. दुसऱ्या डब्यापेक्षा 1 किलो 350 ग्रॅम कमी, जवळजवळ दीड लिटर. लिटरला 140 रुपये धरले तर दोनशे रुपयांचं तेल कमी मिळालं आणि ‘वाचले’ दीडशे. ही बचत म्हणायची?

पिशव्यांची गत वेगळी नाही. एक लिटरच्या पिशवीशेजारी 850 ग्रॅमची पिशवी टांगलेली असते, तिच्याशेजारी 750 मिलिलिटरची. तेल गरम केलं की फुगतं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. कंपन्यांनी त्याचाही फायदा घेतला. पिशवीवर मापाशेजारी तापमान छापायचं आणि चढ्या तापमानाचा लिटर मोजायचा. 21 अंशांना सोयाबीन तेलाचा लिटर सुमारे 919 ग्रॅम भरतो, 60 अंशांना सुमारे 893. शेवटी 2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला सांगावं लागलं की तापमानाची ही भानगड बंद करा आणि वजन स्पष्ट छापा.

आता याच तेलाची दुसरी बाजू पाहा. आमच्या तालुक्यातला शेतकरी सोयाबीन घेऊन बाजार समितीत जातो तेव्हा त्याच्या मालाचा ओलावा यंत्राने मोजतात, 12 टक्क्यांच्या वर गेला की भाव पाडतात, काडीकचरा निघाला की कटती लावतात. विकताना त्याच्या घामाचा ग्रॅमग्रॅम तोलला जातो. त्याच सोयाबीनचं तेल परत विकत घेताना मात्र किलो की लिटर हे त्याने चष्मा लावून शोधायचं. हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटलं पाहिजे.

कायद्याने इथे गिऱ्हाइकाच्या बाजूने उभं राहायला हवं होतं. झालं उलट. पूर्वी डाळ, चहा, तेल, बिस्किटं अशा ठरावीक वस्तूंचे पुडे ठरावीक मापांतच भरावे लागत. 2011 च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांत तशी यादीच होती. 2021 च्या दुरुस्तीने ती यादी काढून टाकली आणि कंपन्यांना हव्या त्या मापाची मुभा दिली. बदल्यात पुड्यावर एककाचा भाव छापणं सक्तीचं केलं. ऐकायला छान वाटतं. पण एक किलोच्या आतला पुडा असेल तर भाव ‘प्रति ग्रॅम’ आणि किलोच्या वरचा असेल तर ‘प्रति किलो’, असा तो नियम आहे. शिवाय भाव दोन दशांश स्थळांपर्यंतच छापायचा. याचा अर्थ पाहा. अर्ध्या किलोच्या डाळीच्या पुड्यावर ‘प्रति ग्रॅम 0.15 रुपये’ असं छापलं आहे. तो भाव किलोला 145 असू शकतो आणि 154 सुद्धा. आकडा एकच छापला जाणार. पलीकडे पाच किलोच्या पुड्यावर लिहिलंय ‘प्रति किलो 146’. सांगा, स्वस्त कोणता? हा भाव वाचून कोणालाच ते सांगता येणार नाही. तुलना करता यावी म्हणून आणलेल्या नियमाने लहान आणि मोठ्या पुड्याची तुलनाच अशक्य करून ठेवली. छोट्या पुड्यावरही किलोचाच भाव छापा, एवढी एक ओळ लिहायला दिल्लीला कोणी अडवलं होतं?

करातही हाच उफराटेपणा. 18 जुलै 2022 पासून गहू, तांदूळ, डाळ, पीठ, रवा, बेसन बंद पुड्यात लेबलासकट आलं की 5 टक्के जीएसटी लागतो, पण फक्त 25 किलोपर्यंत. त्यावरच्या कट्ट्याला माफी. 26 किलो तांदळाचे कट्टे बाजारात का आले, हे आता वेगळं सांगायला नको. म्हणजे ज्याच्याकडे कट्टा घ्यायला पैसे आणि ठेवायला खोली आहे त्याला कर नाही. पाच किलोचा पुडा घेणाऱ्या नोकरदाराला आणि एक किलोचा घेणाऱ्या मजुराला कर आहे. आणि ‘बचतीचा’ म्हणून जो पाच किलोचा पुडा तुमच्या गळ्यात मारला जातो, त्यात हा कर धरलेला असतो. दुकानात पोत्यातून तोलून दिलेल्या सुट्या डाळीवर तो नाही. अकोला ही डाळ मिलांची पेठ. तिथून निघालेली डाळ पोत्याने तेल्हाऱ्यात येते आणि तागडीत तोलून मिळते. ती सोडून चकचकीत पुडा आणायला पन्नासेक किलोमीटरवर अकोल्याला गाडीने जाणारे लोक मला माहीत आहेत. जाऊन-येऊन दोन लिटर पेट्रोल जळतं, म्हणजे दोनशे रुपये गेले. तो खर्च त्यांच्या बचतीच्या वहीत कधीच चढत नाही.

पुडा घरी आला की पुढचा हिशेब किडे करतात. समजा पाच किलो तूरडाळ घेतल्याने किलोमागे चार रुपये, एकूण वीस रुपये वाचले. पावसाळ्यात पुडा फोडून ठेवला, दमट हवा लागली, तळाशी भुंगा झाला. 130 रुपये किलोची फक्त 200 ग्रॅम डाळ फेकली तर 26 रुपये गेले. रव्यात पोरकिडे, तांदळात सोंडे आणि जाळी, आमच्या मे महिन्यातल्या उन्हात फोडलेल्या डब्यातलं खवट झालेलं तेल, याचे पैसे कोणत्या स्कीममधून परत मिळतात? त्यात आणखी एक. भरलेला डबा समोर असला की हात सैल सुटतो. अर्धा लिटर तेल घरात असताना बाई पळी मोजून ओतते. पंधरा लिटर असताना आठवड्यातून दोनदा भजी होतात. ही माणसाची रीतच आहे, आणि ती ओळखूनच मोठे पुडे विकले जातात.

भाव पडण्याचा धोका तर कोणी बोलतच नाही. ऑक्टोबर 2015 मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली, तेव्हा ‘आणखी वाढेल’ म्हणून लोकांनी डाळ भरून ठेवली. 2016-17 च्या हंगामात तुरीचं एवढं पीक आलं की 2017 च्या उन्हाळ्यात आमचा शेतकरी 5050 रुपये हमीभावासाठी खरेदी केंद्रावर पोती घेऊन ताटकळत होता आणि दुकानातली डाळ उतरली होती. 2022 च्या मार्चमध्ये युक्रेनच्या लढाईने तेल भडकलं, तेव्हाही डब्यांवर उड्या पडल्या. वर्षभरात तेल कितीतरी खाली आलं. साठा करणं म्हणजे भावावर पैज लावणं आहे. ती पैज व्यापारी जाणून लावतो. घरातल्या बाईच्या गळ्यात मात्र ती ‘बचत’ म्हणून मारली जाते.

आता मूळ दुखण्याकडे येतो. संध्याकाळी इथल्या कोणत्याही किराणा दुकानासमोर उभे राहा. वेचणीहून परतलेली बाई पाव किलो साखर, दहा रुपयांची चहापत्ती आणि पावशेर तेल मागते. दुकानदार सवयीने म्हणतो, “वैनी, पाच किलोचा पुडा घेऊन जा ना, सस्तं पडते.” ती म्हणते, “मजुरी हप्त्यानं भेटते भाऊ, पाच किलो कायच्यानं घेऊ?” या एका वाक्यात अर्थशास्त्र संपलं. तरीही मेळाव्यात येणारे पाहुणे तिलाच सुनावतात की पाव-पाव किलो घेऊन तुम्ही पैसे उडवता, तुम्हाला बचत कळत नाही. जी बाई दिवसभर किलोच्या भावाने कापूस वेचते आणि मालकाच्या काट्यावर डोळा ठेवून मजुरी मोजून घेते, तिला किलोचा भाव कळत नाही म्हणायला जीभ कशी रेटते?

तिचा हिशेब मी मांडतो. महिन्याला पाच लिटर तेल लागतं. 140 रुपयांची पिशवी घेतली तर महिन्याचे 700 रुपये. 15 लिटरचा डबा समजा 2070 ला मिळाला, म्हणजे तीन महिन्यांत 30 रुपये वाचले. पण डब्यासाठी पहिल्याच दिवशी 1370 रुपये जास्तीचे काढावे लागले. ते तिने बचत गटातून शेकडा दोन रुपये महिन्याने उचलले. पहिल्या महिन्याचं व्याज 27 रुपये. दुसऱ्या महिन्यात 670 रुपये अडकलेले, त्याचे 13. एकूण 40. वाचले 30, गेले 40. पाव किलो घेणारी बाई अडाणी नाही. तिचा हिशेब तिला सुनावणाऱ्यापेक्षा पक्का आहे. तिला पाव किलो महाग पडतं हे खरं आहे, पण त्याचं कारण तिची अक्कल नसून तिची रोकड आहे. गरिबीचा हा दंड आहे. तो भरणाऱ्यालाच काटकसरीचे धडे देणं निर्लज्जपणा आहे. आणि काही वस्तूंत तर लहान पुडीच स्वस्त असते. शाम्पूची पुडी आणि बाटली यांचा मिलिलिटरमागचा भाव काढून पाहा, पुष्कळदा बाटलीच महाग निघते.

‘पण आपले आजे वर्षाचं धान्य भरत नव्हते का?’ असं मला हमखास विचारतात. भरत होते, अजूनही वऱ्हाडात भरतात, आणि त्यात पैसा वाचतोच. चैत्रात ओळखीच्या शेतकऱ्याकडून गहू, घरची तूर भरडून केलेली डाळ, उन्हाळ्यात मिरची आणि हळद. माल हंगामातला, मधला दलाल नाही, भाव सगळ्यात उतरलेला. पण त्या बेगमीमागे घरातल्या बाया राबतात. गहू निवडायचे, गच्चीवर उन्हं द्यायची, डाळीला एरंडेल चोळायचं, कडुनिंबाचा पाला घालून कोठी लिंपायची, पावसाळाभर पाखडत राहायचं. हे आठ-आठ दिवसांचं काम कोणी हिशेबात धरत नाही, म्हणून ती साठवण ‘फुकट’ वाटते. मॉलमधल्या पाच किलोच्या पुड्याला त्या बेगमीची प्रतिष्ठा देऊ नका. तो ना हंगामातला असतो, ना शेतकऱ्याकडचा.

घाऊक खरेदी खरोखर करायची असेल तर वाट मळलेली आहे. 1975 साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधले, माल एकत्र घाऊक घेतला आणि प्रत्येक घराने आपल्या गरजेपुरता वाटून घेतला. मोठी असते ती खरेदी. घरात येणारा पुडा मोठा नसतो. तेल्हारा तालुक्यात महिला बचत गट गावोगाव आहेत. त्यांना कर्ज वाटायला सगळे येतात, तुरीची दोन पोती एकत्र घेऊन डाळ करून वाटा असं सांगायला कोणी येत नाही. मेळाव्यातल्या पाहुण्यांनी भाषण सोडून एवढं एक काम केलं तर त्यांचे पाय धरायला मी तयार आहे.

तोवर वाचकांना माझं सांगणं एवढंच. दुकानात ‘सस्तं पडते’ ऐकू आलं की विचारा, किलोला किती? डब्यावर किलो आहे की लिटर ते पाहा. सुट्या मालाचा भाव विचारल्याशिवाय पुड्याला हात लावू नका. पुड्यावर वजन किंवा भाव नीट छापलेला नसेल तर वैधमापनशास्त्र विभागाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करा. आणि पाव किलो घेणाऱ्या बाईला यापुढे उपदेश करू नका. तिची मजुरी वाढवा. पाच किलो ती तुम्हाला न विचारता घेईल.